मूकपटातली ओळखीची धून कशी शोधावी: शझॅम, गुणगुणणं, सरगम की जाणकार?

मूकपटाच्या रिळावर आवाज नसतो. यूट्यूबवर ऐकू येतं ते संगीत बहुतेकदा नंतर जोडलेलं असतं आणि प्रतीगणिक बदलतं. 'बॅटलशिप पोटेमकिन'च्या एका प्रतीवर एडमुंड मायझेलचं १९२६चं संगीत, तर १९७६च्या सोव्हिएत प्रतीवर शोस्ताकोविचच्या सिंफनींचे तुकडे. १९२५चा 'द गोल्ड रश' चॅप्लिनने १९४२ साली निवेदन आणि संगीत घालून पुन्हा आणला. तेव्हा चित्रपटाच्या नावावरून धून शोधण्याआधी आपल्यासमोर कोणती प्रत आहे ते श्रेयनामावलीत पाहा. निम्मी उत्तरं तिथेच सापडतात.

शझॅम हे फोनवरचं गाणं ओळखणारं अ‍ॅप सगळ्यात झटपट. पण ते धून ओळखत नाही, ध्वनिमुद्रण ओळखतं. जुन्या तबकडीवरचा ऑर्केस्ट्रा जोडलेला असेल तर काम होतं. त्या चित्रपटासाठी कुणी स्वतंत्रपणे वाजवलेला पियानो असेल तर बहुधा हात हलवत परत. दुसरी अडचण वेगाची. २४ चौकटींचा चित्रपट युरोपीय व्हिडिओसाठी सेकंदाला २५ने चालवला की आवाज सुमारे ४ टक्के वेगवान होतो आणि सूर हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे ७० टक्के चढतो. यूट्यूबवर वेग कमी करून हे सुटत नाही, कारण तिथे सूर तोच राखला जातो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग आणि सूर एकत्र ४ टक्के उतरवा, मग शझॅमला ऐकवा.

मूकपटांसाठी आमची पसंती गूगल अ‍ॅपमध्ये गुणगुणण्याला. वादक कोणीही असो, इथे फक्त धून जुळावी लागते. १० ते १५ सेकंद पुरतात. पंखा बंद करा, खिडकी लावा. आपल्याकडच्या शिकलेल्या गळ्यांची चूक मात्र ठरलेली: मींड (सुरावरून सुरावर घसरणं) आणि गमक (सुराला हेलकावे देणं) घेतली की यंत्र गोंधळतं. 'ना-ना' करत खडे सूर लावा. दुसरी चूक म्हणजे साथच गुणगुणणं. संगीतकार ग्रीगच्या 'पेअर गिंट' या नाट्यसंगीतातली डोंगरराजाची धून खालच्या पट्टीत सुरू होते. कान वरच्या सुरांकडे गेला तर ती हुकते. शिवाय मूकपटाचे वादक प्रसंग बदलला की धून बदलतात, म्हणून दोन तुकड्यांच्या सांध्यावरून सुरुवात करू नका.

हार्मोनियमवर बोटं चालत असतील तर तिसरी, सरगमची वाट खरोखर मोलाची. बार्लो आणि मॉर्गनस्टर्न यांच्या १९४८च्या कोशात सुमारे १०,००० वाद्यसंगीताच्या धुना आहेत, आणि शेवटच्या सूचीत त्या सगळ्या 'सी'वर, म्हणजे पांढरी एकवर, आणून अक्षरांत मांडल्या आहेत. आपली सरगम जवळजवळ तशीच वापरता येते. डोंगरराजाची धून: सा रे ग म प ग प, गंधार कोमल. सूर नेमके धरता येत नसतील तर म्युझिपीडिया या धून शोधायच्या संकेतस्थळावर फक्त चढ-उतार द्या: पहिल्या सुराला तारका, पुढे वर गेला तर यू, खाली आला तर डी, तोच राहिला तर आर. बीथोवनची पाचवी सिंफनी: तारका, आर, आर, डी, यू, आर, आर, डी. इतक्या कमी सुरांवर निकालांचा ढीग येतो. १२ ते १५ सूर द्या.

माणसाला विचारणं शेवटी ठेवलं, तरी ते कमी लेखू नका. वांद्र्याच्या चर्चमधले ऑर्गनवादक किंवा पाश्चात्त्य संगीताचे शिक्षक 'विल्यम टेल'चा घोडदौडीचा भाग, शोपँचं शोकसंचलन, मेंडेल्सोनचं लग्नाचं संचलन दोन सेकंदांत सांगतात. मूकपटांच्या साथीत याच धुना पुन्हा पुन्हा येतात. विचारताना व्हिडिओचा दुवा, मिनिट-सेकंद आणि प्रसंग पाठवा. 'ती पळापळीची ट्यून' एवढंच लिहिलं तर नाव मिळणार नाही: पळापळीसाठी खास रचलेल्या, कुठल्याही सिंफनीत नसलेल्या धुनांचे छापील संग्रह १९१३पासून पियानोवादकांच्या हाताशी होते, आणि आपली धून त्यांतलीच असण्याची शक्यता बरीच असते.