दुधारी पात्याचा रेझर निवडताना: जुना पितळी, नवा परदेशी की साधा देशी?

तीन किंवा पाच पात्यांची कार्ट्रिज सोडून दुधारी पात्याच्या रेझरकडे वळू पाहणाऱ्या माणसासमोर मराठवाड्यात आज तीन पर्याय असतात. आजोबांच्या पेटीत सापडलेला किंवा आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगातून उचललेला पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पितळी रेझर हा पहिला. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये आजही तयार होणारा, काही हजार रुपयांचा चकचकीत रेझर हा दुसरा, आणि शे-दोनशे रुपयांपासून मिळणारा देशी रेझर हा तिसरा. या तिघांची तुलना करताना वजन, चकाकी, धातू आणि किंमत यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु जिथे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांआड नळ येतो आणि एरवी बोअरच्या पाण्यावर घर चालते, तिथे पाणी हा निकष सर्वांत आधी धरायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी तिन्हींमध्ये समान काय आहे ते पाहू. किंग कॅम्प जिलेट यांना १९०४ मध्ये अमेरिकेत ज्या रेझरचे पेटंट मिळाले, त्याचे तत्त्व आजही बदललेले नाही. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे पातळ पोलादी पाते वरची टोपी आणि खालची तळपट्टी यांच्यामध्ये वाकवून घट्ट धरायचे, म्हणजे त्या पातळ पात्याला ताठपणा येतो आणि त्याची धार अगदी थोडीच बाहेर राहते. सुरुवातीच्या पात्यांना तीन गोल भोके असत. १९३० च्या सुमारास मधोमध लांब खाच असलेले पाते आले, आणि ती खाच अशा आकाराची आहे की आजचे पाते शंभर वर्षांपूर्वीच्या तीन खुंट्यांच्या रेझरमध्येही नीट बसते. त्यामुळे जुन्या रेझरला पाते मिळेल का, ही शंका मनातून काढून टाकावी. किराणा दुकानात मिळणारे कोणतेही साधे दुधारी पाते त्याला चालते.

जुन्या रेझरमध्येही दोन मुख्य घराणी आहेत आणि निवड खरी तिथेच होते. एक तीन भागांचे: टोपी, तळपट्टी आणि दांडा. दांडा फिरवून सोडला की सगळे सुटे होते. १९३८ मध्ये आलेला जिलेटचा ‘टेक’ हा या घराण्यातला सर्वांत सौम्य आणि नवशिक्याला सर्वांत सोपा रेझर. दुसरे घराणे फुलपाखरासारखी दारे उघडणारे: दांड्याच्या टोकाची कळ फिरवली की वरची दोन दारे उघडतात, पाते ठेवायचे आणि कळ उलट फिरवून बंद करायचे. १९४७ पासूनचा ‘सुपर स्पीड’ आणि त्याच पठडीतला इंग्लंडमध्ये बनलेला ‘रॉकेट’ हे त्याचे गाजलेले नमुने. १९५८ पासून यातच आकड्यांची चकती असलेले रेझर आले. एक ते नऊपैकी आकडा निवडून धार किती उघडी ठेवायची, ते त्यांत ठरवता येते.

फुलपाखरी रेझर हातात घेतला की मोह होतो, कारण पाते बदलणे क्षणाचे काम असते. तरीही मराठवाड्यातल्या नवशिक्याने तो पहिला रेझर म्हणून घेऊ नये असे मी म्हणेन. त्याचे कारण त्याच्या पोटात आहे. ही सगळी यंत्रणा दांड्याच्या आत बंद असते आणि घरी ती उघडून साफ करता येत नाही. आपल्याकडचे बोअरचे पाणी बेसॉल्टच्या खडकातून येते, त्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. नळाच्या तोटीवर जो पांढरा थर चढतो, तोच थर साबणाच्या चोथ्यासह त्या सांध्यांत आणि आट्यांत जाऊन बसतो. काही काळाने दारे जड फिरू लागतात, मग एक दार पुरते मिटत नाही, आणि दार पुरते मिटले नाही की पाते एका बाजूला उचलले जाते. तीन भागांच्या रेझरला हे दुखणे नाही. दर आठवड्याला तो सुटा करून जुन्या टूथब्रशने घासला की पुरे.

जुना रेझर घेताना काय तपासावे, याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो, कारण इथे पैसे वाचण्याची आणि गाल कापण्याची शक्यता सारखीच असते. निकेलचा मुलामा उडून खालचे पितळ दिसत असेल तर काळजी नाही. पितळ टिकते, आणि हवा असेल तर मुलामा पुन्हा चढवून घेता येतो. मात्र टोपी किंवा तळपट्टी वाकलेली असेल, तळपट्टीच्या कडेला कंगव्यासारखे दात असतील आणि त्यांतला एखादा तिरपा झाला असेल, किंवा पोकळ दांड्याला केसासारखी तडा गेली असेल, तर तो रेझर शोभेसाठी ठेवावा, तोंडाला लावू नये. पाते बसवून रेझर उजेडाकडे धरावा आणि टोपीच्या दोन्ही बाजूंनी धार सारखीच बाहेर दिसते का ते पाहावे. ही एकच परीक्षा विक्रेत्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा मोलाची आहे. दूरवरून मागवायचा असेल तर असाच फोटो मागावा. अमेरिकेत घडलेल्या जिलेट रेझरवर १९५० नंतर एक इंग्रजी अक्षर आणि एक अंक कोरलेला आढळतो. अक्षर वर्ष सांगते, अंक तिमाही. उदाहरणार्थ ‘ई’ म्हणजे १९५९. केवळ पेटंटचा क्रमांक किंवा पेटंटची तारीख दाखवून कोणी रेझर त्या वर्षाचा असल्याचे सांगत असेल तर ते मानू नये, कारण एकच पेटंट पुढे अनेक वर्षे छापले जात असे.

बाजारात भावाचा प्रश्न येतो. ज्याला ही वस्तू काय आहे हे ठाऊक नाही, तो विक्रेता ती पितळेच्या मोडीच्या भावात देतो. ज्याला ठाऊक आहे, तो इंटरनेटवरचा परदेशी भाव सांगतो. साध्या तीन भागांच्या रेझरला नव्या देशी रेझरच्या दुप्पट-तिप्पट किंमत देणे मला पटते, त्यापलीकडे ती संग्राहकाची खरेदी होते, आणि दाढी त्याने काही अधिक चांगली होत नाही. घरातल्याच पेटीत तो निघाला तर प्रश्नच मिटला.

सफाईबाबत आपल्याकडे एक धोका खास आहे. पितळ दिसले की हात आपोआप चिंचेकडे किंवा भांडी घासायच्या पुडीकडे जातो. रेझरवर निकेलचा, क्वचित सोन्याचा, अगदी पातळ मुलामा असतो. आंबटात भिजवून किंवा खरखरीत पुडीने घासून तो कायमचा जातो. कोमट पाणी, भांड्यांचा द्रव साबण आणि मऊ ब्रश एवढेच वापरावे, मग निर्जंतुक करण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही मिनिटे बुडवून ठेवावे. दुसऱ्याच्या दाढीचा रेझर असल्याने ही पायरी टाळू नये. बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, दांडा किंवा टोपी असेल तर मात्र उकळते पाणी आणि अल्कोहोल दोन्ही दूर ठेवावीत.

आता नव्या परदेशी रेझरकडे. जर्मनीतील झोलिंगनचा मर्कुर ३४सी, जर्मनीचाच म्यूले आर८९ आणि इंग्लंडमधील शेफिल्डचा एडविन जॅगर डीई८९ ही नावे प्रत्येक चर्चेत येतात. यांतील शेवटच्या दोघांच्या डोक्याची घडण जवळजवळ एकच आहे, म्हणून त्यांच्यात दांडा आवडेल तो निवडावा. तिन्ही सौम्य आहेत, धार नेमकी बसते, आणि कोणी वापरलेले नसल्याने मनात किंतु राहत नाही. पण एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात: यांची डोकी पितळेची नसून जस्ताच्या मिश्रधातूची, वर क्रोमचा मुलामा दिलेली असतात. मुलामा शाबूत आहे तोवर उत्तम. तो कुठे फुटला आणि क्षारांचे पाणी आत शिरले की जस्त खड्डे पडून झिजते, आणि त्याची दुरुस्ती होत नाही. फरशीवर पडला तर आट्यांचा खुंट तुटण्याची भीतीही याच धातूला जास्त. पूर्ण स्टेनलेस पोलादाचे रेझर या दोषांपासून मुक्त आहेत, परंतु त्यांची किंमत पहिल्याच खरेदीला द्यावी असे मी कोणालाही सुचवणार नाही.

देशी रेझरमध्ये दर्जा फार विखुरलेला आहे. अमेरिकी नावाने विकले जाणारे पार्करचे रेझर भारतातच तयार होतात आणि त्यांतील पितळी चौकटीचे चांगले आहेत, फक्त त्यांतले बरेच फुलपाखरी घराण्यातले असल्याने वरचा इशारा त्यांनाही लागू होतो. शे-दोनशेच्या रेझरमध्ये पाते तिरके बसण्याची शक्यता असते. दुकानातच, त्याच उजेडाच्या परीक्षेने, दोन-चार नग पाहून निवडले तर या किमतीतही समाधानकारक रेझर हाती लागतो. ज्याला ही पद्धत आपल्याला जमेल की नाही हेच अजून पाहायचे आहे, त्याने इथूनच आरंभ करावा.

पाण्याचा दुसरा पैलू रेझरच्या नव्हे, फेसाच्या बाजूचा आहे. ज्या बोअरच्या पाण्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, त्या जड पाण्यात साबणाचा फेसही धरत नाही. पाण्यातील चुना साबणाशी मिळून न विरघळणारा चोथा करतो आणि गालावर फेसाऐवजी पातळ, कोरडी साय राहते. नवशिक्याची पहिली दाढी बिघडते ती बहुधा यामुळे, आणि दोष रेझरला दिला जातो. उपाय स्वस्त आहे: ब्रश भिजवायला आणि फेस करायला अर्धी वाटी जारचे किंवा घरच्या आरओचे पाणी घ्यावे. पाणी उकळून निवळू दिले तरी त्यातला काही क्षार खाली बसतो. जायकवाडीतून येणारे नळाचे पाणी सहसा बोअरपेक्षा हलके असते, त्यामुळे छत्रपती संभाजीनगरात ज्यांच्याकडे नळ आहे त्यांना ही अडचण कमी जाणवेल.

धुण्याच्या पाण्याचा हिशेब तर दुधारी रेझरच्या पूर्ण बाजूने आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना वाहत्या नळाखाली कार्ट्रिज धरून तिच्या पात्यांमधले केस काढत बसणे परवडण्यासारखे वाटणार नाही. एकाच पात्याचा रेझर मगातल्या पाण्यात हलवला की स्वच्छ होतो, आणि दोन बाजू असल्याने तो धुण्याची वेळही निम्म्याने येते. संपूर्ण दाढी एका मगात होते.

न्यायाने सांगायचे तर कार्ट्रिजची बाजूही आहे. जिलेटने २०१० मध्ये भारतासाठी काढलेला ‘गार्ड’ पंधरा रुपयांत आणि त्याची कार्ट्रिज पाच रुपयांत मिळू लागली होती, एका पात्याची आणि धुवायला सोपी. ज्यांचा हात थरथरतो, किंवा ज्यांना घाईत, आरशाशिवाय दाढी करावी लागते, त्यांनी असल्याच साध्या कार्ट्रिजवर राहावे. उलट ज्यांच्या मानेवर केस आत वळून पुटकुळ्या येतात, त्यांना अनेक पात्यांकडून एका पात्याकडे येण्याचा लाभ लवकर दिसू शकतो, कारण अनेक पाती केस ओढून त्वचेच्या खाली कापतात.

पाते कोणते घ्यावे यावर रेझरपेक्षा अधिक अवलंबून असते, हे आवर्जून सांगतो. सेव्हन ओ’क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स, लेझर ही पाती आपल्याकडे सहज मिळतात. जपानी फेदर सर्वांत तीक्ष्ण म्हणून ओळखले जाते आणि म्हणूनच ते पहिल्या महिन्यात वापरू नये. देशी पात्याची किंमत दोन-तीन रुपयांपासून दहाच्या आसपास, आणि एक पाते तीन ते पाच दाढ्या टिकते. प्रत्येक प्रकारचे एक-एक पाकीट घेऊन पाहण्याचा खर्च फारसा नाही. जिल्ह्याच्या गावी सलूनचे सामान विकणारी दुकाने असतात. तिथे पाती, ब्रश आणि तुरटीचा खडा किरकोळ दुकानापेक्षा स्वस्त पडतात, आणि कोणती पाती नाभिक मंडळी पुन्हा पुन्हा नेतात हेही कळते.

हात बसेपर्यंत जोर न लावणे हे सर्वांत कठीण. कार्ट्रिजने दाबायची सवय लावलेली असते. इथे रेझरचे वजन पुरते, पाते त्वचेशी साधारण तीस अंशांत ठेवून छोटे फटके घ्यायचे. पहिले काही आठवडे दाढी फक्त सुलट, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने, करावी, मग फेस पुन्हा लावून आडवी, आणि उलटा हात सर्वांत शेवटी शिकावा. जुना हलका ‘टेक’ यात जड नव्या रेझरपेक्षा थोडा अधिक सांभाळ मागतो, कारण वजन कमी असल्याने हात नकळत दाबू लागतो.

वापरलेली पाती घंटागाडीच्या ओल्या किंवा सुक्या कचऱ्यात सुटी टाकू नयेत. बाम किंवा तेलाच्या रिकाम्या पत्र्याच्या डबीला चीर पाडून ती त्यात साठवावीत, आणि डबी भरली की तोंड ठोकून बंद करून, आत पाती आहेत असे सांगून भंगारवाल्याकडे द्यावी.