मावशीचे पैसे, आपला वेळ: हिशेब कोणत्या पद्धतीने ठेवायचा?

"हे चौदा हजार कशाचे?" दिवाळीत मावसभावाने पासबुक उघडून विचारलं आणि मला चटकन उत्तर देता आलं नाही. औषधं, रात्री झोपायला येणाऱ्या बाईंचा पगार, डायपर, नाशिकरोडहून कॉलेज रोडच्या डॉक्टरांकडे जायची रिक्षा, सगळं तोंडपाठ होतं. कागदावर मात्र काहीच नव्हतं. त्याने वाकडा शब्द काढला नव्हता, तरी त्या रात्री मला झोप लागली नाही.

काका नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होते. त्यांच्यामागे मावशीला फॅमिली पेन्शन मिळते. मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्यात आणि मी नाशिकमध्येच, इंदिरानगरला, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. त्या दिवाळीनंतर आम्ही चौघांनी बसून जे पर्याय तपासले, ते इथे मांडते. तुमच्याही घरात हा विषय निघाला असेल तर उपयोगी पडतील.

व्यवहार कोणी आणि कसा करायचा

सगळ्यात सोपं म्हणजे जॉइंट खातं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या अटीचं. एटीएम, चेक, सगळं चालतं. पण यात मावशीची आयुष्याची शिल्लकच माझ्या सहीवर येते. उद्या तिच्यामागे बँक ते पैसे मला देईल, पण त्यावरचा वारसांचा हक्क संपणार नाही. नॉमिनीचंही तसंच आहे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. निम्मी भांडणं हे माहीत नसल्यामुळे होतात.

दुसरा पर्याय कुलमुखत्यारपत्राचा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला लिहून देण्याचा. घरपट्टी, वीजबिल, सोसायटी, भाडेकरू यांसाठी ते उपयोगी आहे. माझी हरकत दोन गोष्टींना. सरकारी पेन्शन जमा होणारं खातं मुखत्याराला चालवता येत नाही. आणि ज्या दिवसासाठी आपण हा कागद करतो, त्याच दिवशी तो निकामी होतो: माणसाचं भान हरपलं की आपल्याकडच्या करार कायद्यानुसार मुखत्यारपत्र संपतं. पुढे पालक नेमून घ्यायला वकील गाठून न्यायालयात जावं लागतं. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर केवळ या कागदाच्या भरवशावर राहू नका.

आम्ही निवडला तो तिसरा मार्ग. पेन्शनचं खातं मावशीच्याच नावावर राहिलं. त्यावर तिने स्वतः बँकेला कायमची सूचना दिली, की दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेली रक्कम दुसऱ्या खात्यात वळवावी. हे दुसरं खातं खर्चाचं, मावशीचं आणि माझं. माझ्या हातात एका महिन्याच्या खर्चाएवढेच पैसे असतात, त्यामुळे चूक झाली तरी तेवढीच होणार. पेन्शनच्या खात्यावर अशी सूचना चालते. मावशीचा हात थरथरतो, पण सही आलीच नाही तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यायचं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे, तेही मागा. तुमची सुरुवात शून्यापासून असेल तर मी हाच मार्ग सुचवीन.

एफडींकडेही बघा. सहकारी बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज तिमाहीला मिळतं.

करणाऱ्याला काय द्यायचं

इथे आम्ही सगळेच अडखळलो. "घरच्या माणसाला कसले पैसे?" हे पहिलं वाक्य माझंच होतं. पण मावशीसाठी मी संध्याकाळच्या शिकवण्या सोडल्या होत्या. फुकट सेवेत मन मोठं वाटतं, आणि वर्षभराने नकळत मनात आकडे साठतात. बाकीच्यांनाही वाटतं, फुकट कोण करतं, कुठून तरी काढत असेल.

दुसरी वाट बऱ्याच घरांत असते: "माझं सगळं कर, घर तुझ्या नावावर करते." बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी जातं, सेवा मात्र पुढची दहा वर्षं करायची असते. मुलगा, मुलगी, नातवंडं यांना राहतं घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे, त्यामुळे मोह लवकर होतो. भाची-पुतण्यांना ती सवलत नाही. पुढे कोणी बघेनासं झालं तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण सांभाळण्याची अट त्यात होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बक्षीसपत्र करणारच असाल तर ती अट शब्दांत लिहून घ्या. मला विचाराल तर करूच नका.

राहिलं मानधन. घरी मदतनीस पुरवणाऱ्या दोन ब्युरोंकडे आम्ही दिवसभराच्या मदतनिसाचा दर विचारला, माझ्या सुटलेल्या शिकवण्यांची रक्कम मांडली, आणि मावशीच्या उत्पन्नाला झेपेल असा आकडा धरला: महिना ८,००० रुपये. ब्युरोच्या दरापेक्षा हे कमी आहे आणि ते मला मान्य आहे, कारण रात्रीचं काम दुसऱ्या बाई करतात. आकडा मावशीने सुचवला, दोन्ही भावंडांनी होकार दिला, सगळ्यांनी एका पानावर सह्या केल्या. काय धरलं नाही तेही लिहिलं: माझा पेट्रोलखर्च वेगळा, सणासुदीचं येणं-जाणं माझं माझं. पैसे रोख घेत नाही, मावशीच्या खात्यातून माझ्या खात्यात येतात आणि मी ते कामाचं उत्पन्न म्हणून दाखवते. त्याला 'भेट' म्हणायचं नाही, असं आधीच ठरलं होतं.

हिशेबाला दोनशे पानी वही पुरते. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. शंभरच्या वरच्या खर्चाची पावती चिकटवलेली, आणि पाच हजारांच्या वर काही घ्यायचं तर आधी दोघा भावंडांना फोन. महिनाअखेरीला पानांचे फोटो घरच्या ग्रुपवर जातात. पहिले दोन महिने भावाने एकेक ओळ विचारली. मला राग आला, पण प्रत्येक ओळीला पावती होती.

या पाडव्याला मावशीने मृत्युपत्र केलं. घर दोन्ही मुलांना समान. माझं नाव त्यात नाही, आणि ते नसावं असं मीच सांगितलं होतं, कारण माझं घेणं दर पाच तारखेला फिटतं.