आईच्या गुडघ्यांसाठी निवडलेले फिजिओथेरपी केंद्र : तीन महिन्यांचा अनुभव

माझ्या ६४ वर्षांच्या आईचे गुडघे, विशेषतः उजवा, तीन वर्षांपासून दुखतात. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटे गुडघा आखडलेला असतो, जिना उतरताना कळ येते आणि पाय दुमडताना आत करकर जाणवते. एक्स-रेमध्ये सांध्याच्या आतल्या बाजूची फट कमी झालेली दिसल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात असल्याचे सांगितले आणि आधी व्यायाम करून पाहण्याचा सल्ला दिला. म्हणून आम्ही सांगलीत घराजवळच्या एका लहान केंद्रात जाऊ लागलो.

त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी दहा दिवस फक्त यंत्राचा शेक घेतला होता; आराम पडे, पण तेवढ्यापुरताच. येथे पहिला पाऊण तास तपासणीतच गेला. आईला चालायला लावले, हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितले आणि दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला. उजवी मांडी दोन सेंटीमीटरने बारीक भरली. दुखते म्हणून पाय कमी वापरला जातो, त्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू अशक्त होतो आणि मग सांध्यावरचा ताण आणखी वाढतो, हे तिथल्या ताईंनी आईला समजेल अशा भाषेत सांगितले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, आईचा हात तिच्याच मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "काकू, टॉवेल खाली दाबा, दहा आकडे मोजा, श्वास मात्र रोखू नका." हाताखाली स्नायू घट्ट झालेला आईला स्वतःला जाणवला, आणि तेव्हापासून तिने घरीही हा व्यायाम चुकवलेला नाही.

आई काठी दुखऱ्या बाजूच्याच हातात धरत असे. ती विरुद्ध हातात धरायची असते, हे आम्हाला येथेच कळले. वजन एक किलो उतरले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो, हेही सांगितले गेले.

मला सर्वांत विश्वास वाटला तो एका प्रसंगामुळे. कबड्डी खेळताना आदल्या दिवशी पाय पिरगळलेला एक मुलगा आला होता. तासाभरातच गुडघा टम्म सुजल्याचे ऐकून ताईंनी मालीश किंवा शेक न देता त्याला लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले, कारण इतक्या लवकर आलेली सूज सांध्यात रक्तस्राव झाल्याची आणि लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, फाटल्याची खूण असू शकते.

उणीव मोठी आहे. केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. गुडघ्याच्या रुग्णांसाठी ही व्यवस्था बदललीच पाहिजे. व्यायामाचा कागदही इंग्रजीत होता; विनंती केल्यावर तो मराठीत हाताने लिहून मिळाला.

झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, परत येणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केले होते. आईला आजही मांडी घालून बसता येत नाही, परंतु घरचा जिना ती आता मध्ये न थांबता चढते. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, त्यामुळे ज्येष्ठांना सकाळची वेळ सोयीची पडेल.