मंडईतील मूषक नियंत्रणाचा वार्षिक ठेका : एका गाळेधारकाचे परीक्षण

आमच्या नगरपरिषदेने मुख्य भाजी मंडईतील मूषक नियंत्रणाचे काम गेल्या वर्षी प्रथमच बाहेरच्या ठेकेदाराला दिले. गाळेधारकांच्या वतीने पाहणी समितीवर असल्यामुळे कार्यादेश निघाल्यापासून शेवटचे देयक मंजूर होईपर्यंतचा सगळा व्यवहार मला जवळून पाहता आला. ठेकेदाराचे नाव येथे देत नाही, कारण काम बरे झाले असले तरी त्यात ठेकेदाराच्या कसबाइतकाच निविदेतील एका अटीचाही वाटा होता, असे माझे मत आहे.

ती अट मोबदल्याची होती. पूर्वी नगरपरिषद एका स्थानिक माणसाला मारलेल्या उंदरामागे पैसे देत असे. तो दर आठवड्याला पिशवी भरून आणायचा, आरोग्य विभागातील लिपिक नाक दाबून संख्या लिहायचा आणि मंडईतील उपद्रव मात्र तसूभरही कमी व्हायचा नाही. उंदीर नेमके कोठले हे विचारण्याची सोयच नव्हती. शिवाय त्या पिशवीत चिचुंद्र्याही असत. चिचुंदरी हा उंदरांच्या कुळातला प्राणीच नाही, उलट ती झुरळे आणि किडे खाते, पण नोंदवहीत ती उंदीर म्हणूनच जमा होई. मार्च २०१८ मध्ये मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर कसे मारले गेले, असा प्रश्न एकनाथ खडसे यांनी विधानसभेत विचारला होता आणि ती संख्या उंदरांची नसून विषारी गोळ्यांची आहे, असा खुलासा पुढे आला होता. गोळ्या मोजा की उंदीर मोजा, मंडईत उरले किती हे दोन्हींतून कळत नाही.

नव्या निविदेत म्हणून जिवंत बिळांची मोजणी ठेवण्यात आली. संध्याकाळी मंडईतील आणि भोवतालच्या गटारांकाठची सगळी बिळे चिखलाने बुजवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतली जेवढी पुन्हा उकरलेली दिसतील तेवढी जिवंत धरायची, ही रीत शेतकऱ्यांना जुनीच आहे. मासिक देयकाचा मोठा भाग ठरलेल्या फेऱ्यांसाठी आणि उरलेला भाग बिळे घटल्यावरच, अशी विभागणी होती. पहिल्या मोजणीत ८६ जिवंत बिळे निघाली, चौथ्या महिन्यात १९. ही मोजणी समितीसमोर होत असल्याने आकड्यांबद्दल मला शंका नाही.

ठेकेदाराकडे कीटकनाशक कायदा, १९६८ खालील परवाना होता आणि त्याच्या पर्यवेक्षकाला धंद्याची खरी जाण होती. पहिल्या आठवड्यात त्याने विषाला हातच लावला नाही. रात्री गाळ्यांच्या मागे पिठाचे पातळ थर पसरून सकाळी त्यावरची पावले आणि शेपटीचे ओरखडे पाहिले, आणि घुशींचा वावर गटाराच्या बाजूने तर काळ्या उंदरांचा वावर वरच्या पत्र्याखालच्या तुळयांवरून आहे, हे आम्हाला दाखवून दिले. माझ्या गाळ्यात वीस वर्षे बसूनही तुळईवरचा तो तेलकट काळा पट्टा उंदरांच्या अंगाचा आहे, हे मला माहीत नव्हते. त्यानुसार खाली आणि वर वेगवेगळ्या ठिकाणी क्रमांक टाकलेल्या बंद पेट्या बसवून त्यांत ब्रोमाडिओलोन या उंदरांच्या विषाच्या मेणवड्या तारेने अडकवण्यात आल्या. झिंक फॉस्फाईडने उंदीर लवकर मरतो, पण थोडे खाऊन ज्याचा जीव वाचला तो पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. ब्रोमाडिओलोनने मरायला काही दिवस लागत असल्यामुळे बाकीच्यांना संशय येत नाही, हे त्याने गाळेधारकांना सोप्या शब्दांत समजावले. गटाराकाठच्या बिळांत अॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकण्याची आमच्यापैकी काहींची मागणी त्याने साफ नाकारली, कारण मंडईच्या भिंतीला लागून माणसे झोपतात आणि त्या गोळ्यांतून निघणारा वायू माणसालाही सोडत नाही. केवळ या एका नकारासाठी मी त्याला पूर्ण गुण देईन.

तक्रारीही आहेत. करारात प्रत्येक फेरीला चार माणसे लिहिली होती. पावसाळ्यात प्रत्यक्षात दोनच येत आणि हजेरीपत्रकावर सह्या मात्र चार दिसत. समितीने दोनदा दंड लावल्यावर ते थांबले. मेलेले उंदीर चोवीस तासांत उचलण्याची अट सर्वांत कमी पाळली गेली. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे ऐन गर्दीत, फुलांच्या ओळीतील एका ओट्याखाली उंदीर मरून पडला आणि दुर्गंधीचा उगम सापडेपर्यंत तीन दिवस गेले. दूरध्वनी केला की ‘माणूस निघालाय’ एवढेच उत्तर मिळे. मध्यंतरी मासळीच्या ओळीत कोणीतरी गोंदाचे पुठ्ठे ठेवले, त्यावर एक जिवंत उंदीर रात्रभर तडफडत राहिला. पर्यवेक्षकाने दुसऱ्या दिवशी ते काढायला लावले हे खरे, पण ठेवले गेले तेव्हा कोणाचे लक्ष नव्हते.

मासळीच्या ओळीतील बिळे वर्षभर हटली नाहीत, याचा दोष मात्र मी ठेकेदाराला देणार नाही. तेथील कचरा नगरपरिषदेची गाडी सकाळी दहानंतर उचलते आणि दोन मोऱ्यांना जाळ्या नाहीत. रात्रभर ताजे खाद्य समोर असताना मेणाची वडी कोण कुरतडेल? जाळ्यांबद्दल त्याने दिलेली तीन पत्रे मी स्वतः पाहिली आहेत. पुढच्या निविदेत जाळ्या आणि कचरा ही नगरपरिषदेची कामे तारखेसह लिहून घ्यावीत, मृत उंदीर वेळेत न उचलल्यास प्रत्येक तक्रारीमागे दंड असावा, आणि बिळांची मोजणी पावसाळ्यापूर्वी व नंतर अशी दोनदा सक्तीची करावी. याच ठेकेदाराने पुन्हा निविदा भरली तर मी त्याच्या बाजूने मत देईन. सर्वांत कमी दर दिला म्हणून दुसऱ्या कोणाला काम मिळाले, तर निदान पर्यवेक्षकाची जाण तोंडी चाचणीने पारखावी.

ठेक्याची मुदत मार्चअखेर संपली आणि नवी निविदा अद्याप निघालेली नाही. पेट्या जागच्या जागी आहेत. माझ्या गाळ्यामागची चौदा क्रमांकाची पेटी काल उघडून पाहिली, तर आत नुसती तार आणि तिला चिकटलेला मेणाचा चुरा होता. बाजूच्या भिंतीलगत चिखल नव्याने उकरलेला दिसला.