खारं पाणी अडवायचं कुणी: खात्याने की गावाने?

रायगडात समुद्राला लागून असलेली भातशेती वाचवायची जबाबदारी खारभूमी खात्याची. १९७९ चा कायदाच तसा आहे. गोव्यात खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनींचे, बांध पूर्वापार गावकरी सांभाळत आले.

पैसा आणि यंत्रं खात्याकडे आहेत, हे मान्यच. पण उधाणात बांधाला खांड पडली की अंदाजपत्रक, निविदा यांत हंगाम जातो. तोवर शेतात कांदळवन उगवतं. मग ते तोडायला कायद्याने बंदी. शेतकऱ्याची जमीन हातची जाते, तीही फक्त उशिरामुळे.

खाजणातलं मानस, म्हणजे बांधात बसवलेली पाण्याची झडप, बघण्यासारखं असतं. भरतीचं पाणी रेटलं की त्याची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. खेकड्याने पाडलेलं भोक रोज बांधावरून चालणाऱ्यालाच दिसतं, आणि ते तेव्हाच चिखलाने बुजवता येतं. मात्र तिथेही वाद आहेतच: मासळीसाठी दारं जास्त वेळ उघडी ठेवली की खार आत शिरतो आणि कोरगुटसारखं खार सोसणारं भातही जातं.

मला विचाराल तर राखण गावाची, मोठ्या दुरुस्तीचा खर्च खात्याचा. छोटी खांड तिथल्या तिथे बुजवायचा अधिकार आणि थोडा निधी रायगडच्या गावांना आधी द्या.