राजकीय भूगोलाचा ऑनलाइन कोर्स केला, माझा अनुभव

आपण बोलताना देश, राष्ट्र, राज्य सगळं एकच धरतो ना, तर हा कोर्स पहिल्याच लेक्चरला ते सोडवून दाखवतो. राज्य म्हणजे लोकसंख्या, ठरलेला भूभाग, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवायची क्षमता, हे १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारातले निकष, आणि राष्ट्र म्हणजे आपण एक आहोत असं मानणारे लोक. कुर्द लोक तुर्कस्तान, इराक, इराण, सीरियात विभागलेत, राष्ट्र आहे पण स्वतःचं राज्य नाही, हे ऐकून खरंच वाईट वाटलं.

सीमावादाचा भाग तर जबरदस्त! इजिप्त १८९९ ची सीमारेषा मानतं, सुदान १९०२ ची, त्यामुळे हलाइब हा सीमेवरचा भाग दोघांनाही हवंय आणि शेजारचा बीर तविल हा भाग कुणीच मागत नाही, कारण ते मागितलं की हलाइबवरचा हक्क सुटतो. हे मी दोनदा रिवाइंड करून बघितलं.

नकाशे मात्र फार धूसर, मोबाइलवर रेषाच दिसत नाहीत, आणि सागरी सीमा दहा मिनिटांत उरकल्यात. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्राचा (जिथल्या समुद्री संपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो) विषय नीट शिकवायलाच हवा होता. तरी पाचपैकी चार स्टार.