पंचेचाळिशीतलं करिअर समुपदेशन : टेस्ट सोडा, कागद दाखवून घ्या

ठिकाण कोल्हापुरात राजारामपुरीत, मेन रोडवरून आत, पहिल्या मजल्यावर. दोन बैठकांचे साडेतीन हजार. गाडी लावायला जागा नाही आणि वेळ फक्त रविवारी. शिरोली एमआयडीसीत आमच्या कंपनीची सुट्टी सोमवारी, त्यामुळं रजा टाकावी लागली. फौंड्रीवाल्यांच्या गावात दुकान मांडलंय, तर एवढं तरी ठाऊक पाहिजे.

मी कास्टिंगच्या क्वालिटीत आहे, वय ४६. कुणी काढलेलं नाही, पगार वेळेवर होतोय. पण रात्रपाळी आता झेपत नाही, आणि पन्नाशीतल्या माणसाला नवीन ठिकाणी कोण विचारतंय तेही बघतोय. म्हणून हातात तीन-चार वर्षं असतानाच गेलो.

पहिली बैठक म्हणजे कॉम्प्युटरवरची कलचाचणी. ‘अनोळखी लोकांत मिसळायला आवडतं का’ असले ढीगभर प्रश्न. निकाल काय, तर मी सर्जनशील आहे आणि कंटेंट क्रिएटर व्हावं. भावा, मी दिवसभर ब्लोहोल, म्हणजे कास्टिंगमधली हवेची भोकं, शोधतो! एनडीटी (माल न फोडता दोष शोधायची तपासणी) लेव्हल टूचं सर्टिफिकेट करून बाहेरच्या कंपन्यांचं इन्स्पेक्शन घ्यायचा विचार सांगितला, तर मॅडमनी एनडीटी म्हणजे काय, असं मलाच विचारलं. अल्ट्रासॉनिक, मॅग्नेटिक पार्टिकल, डाय पेनिट्रंट, सगळं मीच समजावून सांगितलं. त्या कामात दरवर्षी जवळची नजर तपासून घ्यावी लागते. चाळिशी लावलेली चालते, पण बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे. या वयात लाईन बदलणाऱ्याला हे आधी सांगायला नको? यांची सगळी उदाहरणं पुण्याच्या आयटीतली.

दुसऱ्या बैठकीला मात्र मानलं. जोडीनं या म्हणाले होते, म्हणून बायकोही आली. तिथं दुसरे एक सर होते, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी गप्पा न मारता माझं पीएफचं पासबुक उघडलं आणि सर्व्हिस हिस्टरीतल्या एका रिकाम्या चौकटीवर पेन टेकवलं. आधीच्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नव्हती, त्यामुळं तिथली चार वर्षं इकडं आलेलीच नाहीत. इथली आठ. पेन्शनला दहा लागतात. म्हणजे बारा वर्षं भरूनही कागदावर मी आठवरच. ती तारीख कंपनीनं नाही भरली तर सोडल्यापासून दोन महिन्यांनी आपली आपल्याला पोर्टलवर भरता येते, हे सरांनी तिथंच करून दाखवलं. पेन्शन ५८ला, पन्नाशीनंतर लवकर घेता येते, पण दर वर्षामागं ४ टक्के कापून.

मग ग्रॅच्युइटी. बेसिक आणि डीए गुणिले १५, गुणिले वर्षं, भागिले २६. माझे २४,००० धरून आठ वर्षांचे एक लाख दहा हजार सातशे एकोणसत्तर झाले. पाच वर्षं पुरी झाल्यावर पुढच्या हिशेबात सहा महिन्यांच्या वर गेलं की अख्खं वर्ष धरतात. म्हणजे राजीनामा कोणत्या महिन्यात द्यायचा, यावरही पैसे आहेत.

माझ्या मते फी वसूल झाली ती विम्यात. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत मी, बायको, पोरं आणि आई. नोकरी सुटली की ते कव्हरही सुटलं. मला बीपीची गोळी चालू आहे. नवीन पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजाराला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं (एप्रिल २०२४च्या आधी ही मर्यादा ४८ होती). सर म्हणाले, पॉलिसी आत्ता घ्या, थांबायचा काळ नोकरीतच सरू दे, तोवर कंपनीचं कव्हर आहेच. राजीनाम्याच्या आधी तीन वर्षं करायचं काम हे. असं मला एचआरनंही कधी सांगितलं नव्हतं.

पीएमईजीपी, म्हणजे नवीन उद्योगाला कर्जावर अनुदान देणारी केंद्राची योजना, तिच्याबद्दल थोडक्यात सांगितलं, पण नीट. वयाला वरची मर्यादा नाही. सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा, उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. खुल्या गटाला शहरात १५ टक्के, ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. मात्र ते हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकतं. त्यामुळं यंत्राचा हप्ता अनुदानातून भरू, असलं गणित मांडू नका.

हे सगळं ऐकून घेऊन बायकोनं विचारलं, “पगार थांबल्यावर भिशी कशातनं भरायची?” सर हसले नाहीत. “वहिनी, तेच पहिल्या ओळीत लिहू,” म्हणाले आणि घरखर्चाच्या कागदावर भिशी सगळ्यात वर घातली.

पाचपैकी साडेतीन. नुसती दुसरी बैठक मिळते का, विचारून बघा. मला नाही म्हणाले, पण माझ्यानंतरच्या एकाला दिली. जाताना पीएफला जोडलेला मोबाईल सोबत ठेवा, ओटीपी त्यावरच येतो. आणि पावती मागून घ्या, आपणहून देत नाहीत.